अण्णांचं ओके

माझ्या वडिलांना शेवटचे अकरा महिने एकच शब्द येत होता, आणि तो मराठी नव्हता. ओके. पाणी पाहिजे असलं तरी ओके, पंखा बंद कर म्हणायचं असलं तरी ओके, शेजारचं कुणी दारातून डोकावलं की त्यालाही ओके. बजाजनगरातल्या आमच्या गल्लीत लोक गमतीनं म्हणायचे, रामकिसनराव आता पक्के साहेब झाले, इंग्रजीशिवाय बोलतच नाहीत. मी त्यांच्यासमोर हसायचे आणि घरात आल्यावर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. तोंडावर गोड बोलायचं आणि मागं जळत बसायचं, हा माझा जुना स्वभाव आहे. तो या गोष्टीत आडवा येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

जानेवारीत कंपनीत काम करता करताच अण्णा खाली बसले ते उठलेच नाहीत. त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या सखारामकाकांनी त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली होती. जीव वाचला, पण उजवा हात आणि उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. तीन आठवडे तोंडातून शब्द नाही. चौथ्या आठवड्यात आईनं चमच्यानं पेज भरवली तेव्हा ते म्हणाले, ‘ओके.’ आई चमचा टाकून रडायलाच लागली. तिला वाटलं, आता एकामागून एक सगळे शब्द येतील.

ते आले नाहीत. क्रांती चौकाजवळ बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, त्यांच्याकडं आम्ही आठवड्यातून दोनदा रिक्षानं जायचो. त्या म्हणाल्या, अशा पेशंटचा कधीकधी एखादाच शब्द मागं राहतो. त्यांना बरंचसं कळतं, फक्त तोंडून दुसरं काही निघत नाही, आणि हो-नाहीची मानसुद्धा उलटसुलट हलते. ‘हे काय काम करायचे?’ असं त्यांनी विचारलं.

अण्णा वाळूजच्या एका कंपनीत अठ्ठावीस वर्षं शेवटच्या तपासणीला होते. गिअर बनून आला की तो हातात घ्यायचा, दातांवरून अंगठा फिरवायचा, मापात बसवून बघायचा. चांगला असला की उजवीकडच्या हिरव्या ट्रेमध्ये, खराब असला की डावीकडच्या लाल ट्रेमध्ये. चांगल्या प्रत्येक नगाला ते तोंडानं ‘ओके’ म्हणायचे. म्हणायची काही गरज नव्हती, पण बोललं की हात चुकत नाही असं त्यांचं म्हणणं. दिवसाला हजार-बाराशे वेळा तरी होत असेल. मी नऊ वर्षांची असताना कंपनीनं कामगारांच्या घरच्यांना एक दिवस आत बोलावलं होतं. तेव्हा अण्णांनी मला स्टुलावर बसवून एक गिअर हातात दिला, माझा अंगठा त्याच्यावरून फिरवला आणि विचारलं, कुठं टाकायचा? मी हिरव्यात टाकला. ते म्हणाले, ओके. त्या दिवशी मला वाटलं की आपला बाप कंपनीतला सगळ्यात मोठा माणूस आहे.

तोच शब्द ते घरीही आणायचे. भाकरी चांगली झाली तर ओके. माझा दहावीचा निकाल, एक्क्याऐंशी टक्के, ओके. आईची दिवाळीची साडी, ओके. यापेक्षा जास्त कौतुक आमच्या घरात कुणाच्याच वाट्याला आलं नाही. आई म्हणायची, ‘मला बघाया आले तवाबी हेच म्हणले असतील, टेबलावरच्या नगावाणी.’ लहानपणी त्यांच्या गाडीवर पुढं उभी राहून जाताना मी ट्रकच्या मागं लिहिलेलं हॉर्न ओके प्लीज मोठ्यानं वाचायचे. यातल्या ओकेचा अर्थ काय, असं एकदा विचारलं. ते म्हणाले, त्याला काही अर्थ नाही, सवय आहे.

पण आजारपणातल्या ओकेला अर्थ होता आणि तो मला कळायला लागला. मी डिस्पॅचच्या ऑफिसातली नोकरी सोडून घरी बसले होते, दिवसभर त्यांच्याजवळच असायचे. पाण्याचं ओके शेवटी वर जायचं. बाथरूमचं ओके घाईचं, तुटकं. पाठ दुखली की तो शब्द अर्धाच बाहेर यायचा. आईला हाक मारायची असली की लांबवून, ‘ओकेऽऽ’, आणि आई चुलीपासून ‘आले आले’ म्हणत यायची. पेपरमधली बातमी वाचून दाखवली आणि ती आवडली नाही तर नाकातून. सखारामकाका आले की ओळीनं चार-पाच ओके, त्यात कंपनीतल्या साहेबाला घातलेली शिवीपण असायची. ती फक्त मला आणि काकांना कळायची.

मग सगळे मलाच विचारायला लागले. ‘काय म्हणतेत गं तुझे अण्णा?’ असं आई विचारायची, पस्तीस वर्षं संसार केलेली बाई. डॉक्टर विचारायचे, पाहुणे विचारायचे. सखारामकाकांनी माझं नाव ओकेची मास्तरीण ठेवलं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. एकोणतीस वर्षांची बिनलग्नाची, बिननोकरीची मुलगी म्हणजे घरातलं जास्तीचं भांडं. अण्णांच्या आजारानं मला या घरात जागा दिली होती.

नकाराचं ओके मात्र सुरुवातीला मला सापडत नव्हतं. ते एका दुपारी सापडलं. मी दुधी भोपळ्याची भाजी पुढं ठेवली. अण्णा ‘ओके’ म्हणाले आणि डाव्या हातानं वाटी डावीकडं सरकवली. मला एकदम तो लाल ट्रे आठवला. डावीकडं म्हणजे रिजेक्ट! मी वाटी उचलून नेली. मागून त्यांचे ओके ओके चालूच होते. मी आईला म्हटलं, बघ, इतकी वर्षं यांना दुधी आवडत नव्हता आणि तू घालत राहिलीस. आईला पटलं. त्या दिवसापासून आमच्या घरात नियम झाला, ओके म्हणून डावा हात डावीकडं नेला की नको. एकदा बातम्या लावू का विचारल्यावर त्यांनी हात तसाच नेला. मी टीव्ही बंद केला तर अर्धा तास चिडून बसले. आवाजाचाच त्रास झाला असेल, असं मी आईला समजावलं.

आता दादाचं सांगते. इंद्रजीत, माझा मोठा भाऊ. तीन वर्षांपूर्वी त्यानं दिपालीशी कोर्टात लग्न केलं. आम्ही मराठे, दिपाली धनगराची. तिचे वडील मल्हारराव अजून फुलंब्रीकडं मेंढरं राखतात. अण्णा आधी म्हणाले होते, पोरगी चांगली असंल, पण गावाला तोंड कसं दाखवू? दादानं ऐकलं नाही. लग्न झाल्यावर त्यानं अण्णांना मोबाइलवर फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, आशीर्वाद द्या. अण्णांनी उत्तर पाठवलं, ओके. तेवढंच. त्यानंतर दादा सिडकोत भाड्यानं राहायला गेला, औरंगपुऱ्यातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात कामाला लागला, आणि अण्णांनी त्याचं नाव घेतलं नाही.

मला दिपालीचा राग नव्हता. दादाचा होता. त्याच्या लग्नानंतर मला आलेली दोन स्थळं मोडली. भावानं असं केलं, बहिणीचं काय सांगावं, असं लोक तोंडावर बोलून गेले. त्यात अण्णा पडले. उचलणं, धुणं, भरवणं सगळं माझ्या अंगावर, आणि दादाचा संसार तिकडं सुखात. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

होळीच्या आधी तो पहिल्यांदा आला. गेटच्या बाहेर गाडी लावून तिथंच उभा राहिला. आई धावत गेली, ‘ये की बाबा आत, आपलंच घर हाय.’

‘आधी अण्णांना विचार. डॉक्टर म्हणाले ना, बीपी वाढायला नको. अपे, तू विचार,’ तो म्हणाला.

मी आत गेले. अण्णा उशीला टेकून बसले होते. ‘अण्णा, दादा आलाय. आत बोलावू?’

ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, ‘ओके.’ आणि डावा हात चादरीवरून डावीकडं सरकला.

मी बाहेर आले. ‘नको म्हणतायत.’

‘मला तर ओके ऐकू आलं.’

‘ते सगळ्यालाच ओके म्हणतात. हातानं नको म्हणाले.’

दादानं खिशातून मोबाइल काढला. अण्णांचं ते जुनं उत्तर त्यानं जपून ठेवलं होतं. ‘तुला कळतं ना त्यांचं? मग याचा अर्थ सांग. तीन वर्षं झाली, मी रोज बघतो. हे रागाचं आहे की चालेल असं आहे?’

मी एका नजरेत सांगून टाकलं, ‘रागाचं.’ लिहिलेल्या शब्दाला ना सूर होता ना हात. तरी सांगितलं. तो मान हलवून गेला.

दुसऱ्यांदा तो मे महिन्यात आला, केशर आंब्यांची पेटी घेऊन. मी विचारलं, तोच शब्द, तोच हात. पेटी मात्र आईनं ठेवून घेतली. तिसऱ्यांदा आला तो गणपतीनंतर, दिपालीला घेऊन. तिला सातवा महिना होता. ती गाडीवरून उतरून भिंतीला धरून उभी राहिली, पाय सुजलेले दिसत होते. तिला बघून माझंही मन जरा हललं, म्हणून मी अण्णांना नीट समजावून विचारलं. ‘अण्णा, दिपालीपण आलीय. तिला दिवस गेलेत. दोघांना येऊ देऊ का?’

त्यांनी ओके ओके ओके असा सपाटाच लावला. हात सारखा डावीकडं, पलंगाच्या कडेवर आपटायला लागला. तोंड लाल झालं, डोळ्यांतून पाणी. एवढ्या जोराचा नकार मी कधी पाहिला नव्हता. मी घाबरून बाहेर पळाले आणि दादाला म्हटलं, ‘जा बाबा तू, त्यांना परत काहीतरी होईल.’

‘बरं,’ तो म्हणाला. दिपालीला गाडीवर बसवताना त्यानं एकदा खिडकीकडं बघितलं. ‘आता मी आपणहून नाही येत, अपे. त्यांनी बोलावलं तर एक फोन कर. असेन तिथून येईन.’

त्यानंतर अण्णा अधूनमधून रडायचे. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की अशा आजारात माणूस विनाकारण रडतो. नोव्हेंबरात दादाला मुलगी झाली. आईला फोन आला, ती बाळंतविडा घेऊन गुपचूप जाऊन बघून आली. अण्णांना सांगायचं नाही, असं मी ठरवलं. त्यांना ताण नको म्हणून.

डिसेंबरात मोठ्या काकांनी, नानासाहेबांनी, गावाकडून भुईमुगाच्या शेंगा पाठवल्या. आईनं त्या फोडल्या आणि एका सकाळी दाण्यांची परात अण्णांच्या मांडीवर ठेवली. ‘नुसतं बसून ओके ओके करता, त्यापरीस दाणे निवडा. तपासणीचंच काम हाय.’ अण्णा इतके खूश झाले! एक एक दाणा उचलायचा, अंगठ्यानं फिरवायचा, डोळ्यांजवळ न्यायचा, मग ठेवायचा. पुन्हा कामावर गेल्यासारखे ताठ बसायचे. चार दिवस हेच चाललं होतं.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, मी चटणीसाठी दाणे घ्यायला गेले. परातीत दोन ढीग होते. मी उजवीकडच्या ढिगातून मूठभर घेतले आणि दोन तोंडात टाकले. कडू जहर. खवट. मी तिथंच थुंकले.

आई दारातून ओरडली, ‘अगं, ते टाकायचेत! चांगले डावीकडं हायेत. मी चार दिस झाले डावीकडचेच घेते.’

‘डावीकडं?’

‘मग? एकच हात हाय त्यांला. चांगला दाणा जवळ ठिवतेत, खराब पलीकडं लोटतेत.’

ती परत चुलीकडं गेली. मी खाली बसून बघत राहिले. चांगला दाणा आला की अण्णा पुटपुटायचे, ओके, आणि हात सहज डावीकडं, आपल्या बाजूला जायचा. सुरकुतलेला आला की काही न बोलता तोच डावा हात पोटावरून ओढत उजवीकडं न्यायचे, मेलेल्या हाताच्या पलीकडं, आणि परत आणताना त्यांना दम लागायचा. कंपनीतले ट्रे कंपनीत राहिले होते. या माणसानं एका हातानं नवीन टेबल मांडलं होतं, आणि अकरा महिने मी जुन्याच टेबलासमोर उभी होते.

दुधी त्यांना आवडत होता. बातम्या त्यांना हव्या होत्या. पुढचं आठवायला मला धीर होईना, पण आठवलं.

‘अण्णा,’ मी म्हटलं, ‘दादाला बोलावू?’

त्यांचा हात थांबला. ‘ओके,’ ते म्हणाले, आणि हात डावीकडं गेला. मग तोच हात माझ्या मनगटावर आला. ते दाराकडं बघायला लागले.

मी म्हणाले, ‘तुम्हाला नात झालीय. महिना झाला.’ तेव्हा त्यांच्या तोंडून जे ओके आलं ते मी आधी ऐकलेलं नव्हतं. त्याचा अर्थ लावत बसायची गरज नव्हती. बाप रडत होता आणि हसत होता.

सकाळचे अकरा वाजले होते. मोबाइल माझ्या हाताशी होता. दादानं सांगितलं होतं, एक फोन कर. औरंगपुऱ्याहून आमच्या घरी यायला पाऊण तास लागतो.

मी फोन केला नाही.

कारण तो येईल, आणि पहिल्याच वाक्यात विचारेल, मग आधीच्या तीन वेळा? मला लाज वाटत होती. सखारामकाकांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे मला विचारून चालत होते, आणि आईला जे परातीत चार दिवसांपूर्वी दिसलं ते मला अकरा महिने दिसलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, आत कुठंतरी मला कळत होतं की नको हे मला ऐकायचंच होतं. अण्णांचा हात कुठंही गेला असता तरी मी तेच ऐकलं असतं. मग मी एक स्वच्छ खोटं तयार केलं. दादाला सांगायचं की अण्णांचं मन बदललं, नात झाल्याचं कळल्यावर ते विरघळले. कुणाला काही कळणार नाही. रविवारी त्याच्या दुकानाला सुट्टी, शनिवारी संध्याकाळी जाऊन समोरासमोर सांगू, म्हणजे आवाजात काही सापडणार नाही. तीन दिवसांनी काय बिघडतंय, असं मी मनाला म्हटलं. आईलाही काही बोलले नाही.

शुक्रवारी अण्णांनी दाणे निवडले नाहीत. गेट वाजलं की ते दाराकडं बघायचे. दूधवाला आला, बघितलं. शेजारची पोरं चेंडू घ्यायला आली, बघितलं. ‘आज काय झालंय यांला? कोण यायचंय का?’ असं आईनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, वाऱ्यानं गेट वाजतंय. दुपारी मी एकदा दादाचा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला.

शनिवारी सकाळी सातला चहा पिता पिता अण्णांच्या हातातून कप निसटला. मान एका बाजूला गेली. सखारामकाकांच्या जावयाची गाडी आणली. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि आईला खुर्चीवर बसवायला सांगितलं. मग मी दादाला फोन केला. तो चाळीस मिनिटांत आला, हेल्मेट डोक्यावरच होतं. स्ट्रेचरजवळ उभा राहिला तरी ते काढायचं त्याच्या लक्षात आलं नाही.

दुपारी अंगणात तिरडी बांधली. गल्ली माणसांनी भरली होती. कंपनीतले लोक सुट्टी टाकून आले होते. नाना गावाहून जीप करून आले होते, बरोबर त्यांचा मुलगा गोकुळ. मडक्यात विस्तव घातला आणि ते पुढं कोण धरणार, असा प्रश्न आला. दादा पुढं झाला तसे नाना म्हणाले, ‘थांब जरा, इंद्रजीत.’

नाना वाईट माणूस नाहीत. हळूच बोलत होते, पण गल्ली शांत असल्यामुळं सगळ्यांना ऐकू जात होतं. ‘तुझ्यावर माझा राग नाय, बाबा. पर माझ्या भावानं जित्तेपणी तुला उंबऱ्याच्या आत घेतलं नाय. तीनदा आलास, तीनदा नको म्हणला. आता त्याला बोलता येत नाय म्हणून आपण त्याचं मन मोडायचं व्हय? गोकुळ धरंल.’

दादा भांडेल असं मला वाटलं होतं. तो भांडला नाही. त्यानं पुढं केलेले हात मागं घेतले. ‘अण्णांची इच्छा नव्हती तर नको, नाना,’ तो म्हणाला. ‘मी मागून चालतो.’

‘तरी मनात किंतू नको. अपेक्षाला इचारा,’ नाना म्हणाले. ‘त्याचं तिलाच कळायचं.’

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझं ते स्वच्छ खोटं तोंडाशी तयार होतं. अण्णांचं मन बदललं होतं, एवढंच म्हणायचं. मडकं दादाला मिळालं असतं आणि माझं नाव राहिलं असतं. नाना खोटे पडले नसते, आईला बरं वाटलं असतं. मी तोंड उघडलं आणि तिरडीवर अण्णांचा डावा हात दिसला. बांधताना तो कापडाबाहेर राहिला होता.

‘अण्णांनी नको म्हटलंच नव्हतं,’ मी म्हणाले. ‘तिन्ही वेळा ये म्हणाले होते. दिपाली आली तेव्हा तर हात आपटून आपटून ये म्हणत होते. मला उलटं कळलं. मीच दादाला परत पाठवलं.’

आईनं माझा दंड धरला होता, तो सोडला. नाना नुसतेच ‘आँ?’ म्हणाले आणि मडक्यावरचा हात काढून बाजूला झाले.

दादा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे डोळे कोरडे होते. ‘तुला कधी कळलं?’

‘परवा. गुरुवारी.’

‘किती वाजता?’

‘अकराला.’

त्यानं मान हलवली. जरा वेळ तो आठवत होता.

‘गुरुवारी अकराला मी दुकानात रिकामाच बसलो होतो, अपे,’ तो म्हणाला.

मग गोकुळनं मडकं त्याच्या हातात दिलं, आणि तो अण्णांच्या पुढं चालायला लागला.